मानेवरचे मस आणि रक्तातली साखर

शेकडा 23 आणि शेकडा साडेआठ. 2007 साली इराणमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मस असलेल्या 104 जणांपैकी 24 जण मधुमेही निघाले; मस नसलेल्या 94 जणांत 8. ज्यांच्या अंगावर तीसहून जास्त मस होते, त्यांच्यात तर हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. त्याच्या वीस वर्षं आधी इस्रायलमध्ये मस असलेले 118 जण तपासले होते. तिथेही शेकडा 26 जणांना मधुमेह होता.

आता उलटी बाजू. 1987 सालीच जर्मनीत 750 जणांची कातडी पाहिली, तर शेकडा 46 जणांना मस होते. मग एखाददुसरा मस दिसला म्हणून झोप उडवायचं कारण नाही. शिवाय वरचे अभ्यास शे-सव्वाशे माणसांचे. त्यावरून अख्ख्या गावाचं भाकीत करू नये.

मानेवर, काखेत, जांघेत, पापणीवर लोंबणारा हा मऊ मांसाचा दाणा बहुधा 1 ते 5 मिलिमीटरचा असतो. खरखरीत चामखीळ वेगळी. ती विषाणूमुळे येते आणि पसरते. मस संसर्गाने येत नाही. कातडी कातडीवर घासते तिथे तो उगवतो. वय, वजन आणि गरोदरपण हेही त्याला हातभार लावतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि ते कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. म्हणून मसांसोबत मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासत बसू नये.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीतल्या डोईफोडियासारख्या गावाला हे का सांगायचं? 2023 साली जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत 1,13,043 प्रौढ तपासले गेले. शहरांत शेकडा 16.4 मधुमेही, खेड्यांत 8.9. शहराच्या जवळजवळ निम्मं, असं म्हणून खेड्याने सुस्कारा सोडावा, तर पुढचा आकडा आडवा येतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले शहरात 15.4, खेड्यात 15.2. इथे शेतातल्या कष्टांचा भरवसा धरता येत नाही.

तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी कार्यक्रमात आशाताई एक तक्ता भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण आहेत. चारच्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य. बाईची कंबर 80 आणि पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की गुण चढू लागतात. मसाला एकही गुण नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे: टेप मसापेक्षा जास्त खरं बोलते. मस हे फक्त तपासणीला जाण्याचं निमित्त.

घोड्याच्या केसाने मस आवळणं किंवा त्यावर चुना लावणं मात्र सोडा. साखर वाढलेली असेल तर ती जखम चिघळते. रक्त येणारा, रंग बदलणारा किंवा झपाट्याने वाढणारा दाणा डॉक्टरांनाच दाखवा.

मानेवर बरेच मस, काळा पट्टा आणि सुटलेलं पोट असं एकत्र असेल, तर सकाळी उपाशीपोटी साखर तपासून घ्या. 100 च्या खाली आली तर ठीक, 100 ते 125 म्हणजे उंबरठा, आणि 126 किंवा वर आली तर दुसऱ्यांदा तपासून लगेच उपचार सुरू करा.