कलिंगड घेताय? आधी खालची बाजू बघा

उन्हाचा कडाका वाढला की रस्त्याच्या कडेला कलिंगडाचे ढीग लागतात. घेणारा दोन टिचक्या मारतो, मान हलवतो आणि घरी कापल्यावर फळ पांढरं निघतं. कलिंगड आंब्यासारखं आढीत पिकत नाही. वेलीवरून कच्चं तोडलं की गोडी तिथंच थांबते.

म्हणून फळ उलटं करून बघा. जमिनीला टेकलेला डाग पांढरट असेल तर ठेवून द्या, लोण्यासारखा पिवळा असेल तर उचला. सारख्या आकाराच्या दोन फळांत जड असेल ते घ्या. टिचकी मारायचीच तर टणटण नको, बदबद आवाज हवा.

आता इंजेक्शनची गोष्ट. आत भेगा दिसल्या की लोक लगेच म्हणतात, सुई मारलीय. अहो, परागीभवन नीट झालं नाही किंवा फळ एकदम फुगलं तरी गर असा फाटतो. टोचलेलं फळ तर त्या भोकातूनच लवकर सडतं, मग व्यापारी असा तोटा कशाला घेईल? तरी शंका आली तर पांढरा कापूस गरावर घासा. तो लालभडक झाला तर फळ खाऊ नका. पण खात्री न करता व्हिडिओ पुढे ढकलला तर भाव पडतो आपल्याच शेतकऱ्याचा.

कापलेलं फळ झाकून ठेवा, त्याच दिवशी संपवा. शुगर असणाऱ्यांनी बेतानं खावं. सालीचा पांढरा भाग फेकू नका, त्याची दुधीसारखी भाजी होते.