'चिंतणे' या क्रियापदाविषयी थोडेसे

कार्यक्रमपत्रिकेत 'चिंतन' हा शब्द दिसला की वडीलधारे सभासद सावरून बसतात आणि विद्यार्थी घड्याळाकडे पाहू लागतात. वास्तविक त्याच कुळातील 'चिंतणे' हे क्रियापद आपल्या घरात रोज वावरत असते. कोणाचे वाईट चिंतू नये, असे आजी सांगते. आपले भले चिंतणाऱ्यास आपण हितचिंतक म्हणतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. या सर्व ठिकाणी चिंतणे म्हणजे नुसता विचार येऊन जाणे नव्हे, तर एखादी गोष्ट मनात धरून ठेवणे होय.

'चिंता' हा शब्दही त्याच धातूचा. मात्र मराठीत त्याचा अर्थ काळजी असा झाला. पाली वाचताना येथेच घोटाळा होतो. अंगुत्तर निकायात चार 'अचिंतेय्य' गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांतील एक 'लोकचिंता'. आपल्याला वाटते, ही जगाची काळजी! परंतु चंद्र-सूर्य कोणी निर्माण केले, अशा प्रकारचे तर्क असा तिचा अर्थ अट्ठकथा देते. अशा तर्काच्या मागे लागल्याने हाती केवळ मनस्ताप येतो, म्हणून तो वर्ज्य. याचा अर्थ विचारच वर्ज्य, असा कोणी घेऊ नये. कारण दीघ निकायातील संगीतिसुत्तात प्रज्ञेचे तीन प्रकार दिले आहेत, त्यांत 'चिंतामया' प्रज्ञा आहेच. दुसऱ्याकडून न ऐकता स्वतःच्या विचाराने मिळविलेली ती चिंतामया, अशी तिची व्याख्या अभिधम्मातील विभंग या ग्रंथात आढळते.

विद्यार्थ्यांनी आपल्या बोलण्यातील एक बारकावा पाहावा. चिंता 'लागते', 'वाटते', 'पडते'. चिंतन मात्र 'करावे' लागते. ('चिंता करणे' असेही आपण म्हणतो, पण बहुधा 'करू नका' हे सांगण्यासाठीच!) परीक्षेची चिंता लागली की 'कसे होईल?' हे एकच वाक्य रात्रभर डोक्यात फिरते. चिंतनात प्रश्न बदलत जातो. कसे होईल, यावरून कोणता धडा समजला नाही, तो का समजला नाही, कोणास विचारावे, इथपर्यंत आपण येतो. गाईडमधील उत्तर पाठ केल्याने गुण मिळतीलही, परंतु त्यास चिंतणे म्हणता येणार नाही. वर्गात एखाद्याने 'का?' असे विचारले की 'तत्त्वज्ञान पाजळू नकोस' म्हणून त्याला गप्प बसविण्याची रीत आहे, ती आम्हास अगदी नापसंत आहे.