सहेरीचं दही

आमच्या अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, सहेरी दह्याशिवाय पूर्ण होत नाही. खिमा असो, अंडी असोत, शेवटी चार घास दहीभात हवाच. त्याने दिवसभर पोट शांत राहतं, असं त्या म्हणतात. दही मात्र गोड हवं. आंबट दही खाल्लं की दुपारी घसा सुकतो, हेही त्यांचंच.

२०१८ साली रोजे मे-जूनमध्ये आले होते. तेव्हा तरावीहनंतर विरजण लावलं तरी सहेरीला दही तयार असे. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सरकत सरकत आता थंडीच्या तोंडाशी आला आहे. यंदा पहिला रोजा १९ फेब्रुवारीला होता. दुपारी ऊन चटके देतं, पण तुंगार्लीत रात्री धरणाकडून वारा सुटला की स्वयंपाकघराची फरशी बर्फ होते. पातेलं दुलईत गुंडाळलं, पिठाच्या डब्यात ठेवलं. पहाटे पाहावं तर दूध ते दूधच.

कपाटात भावाने दुबईहून आणलेला स्लो कुकर पडून होता. (अमेरिकेतून कुणी आणत असेल तर आधी व्होल्टेज बघा. तिकडचं ११० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर जळतं.) मी दूध कोमट केलं, विरजण घातलं आणि रात्रभर बटण ‘वॉर्म’वर ठेवलं. चूक तिथेच झाली. दह्याच्या जिवाणूंना चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब मानवते. ‘वॉर्म’ हे शिजलेलं अन्न गरम ठेवण्यासाठी असतं, ते साठ अंशांच्या वर जातं आणि जिवाणू मरतात. पहाटे भांड्यात नुसतं गरम दूध होतं. घरातलं शेवटचं चमचाभर विरजणही त्यातच गेलं होतं. अम्मी त्याला जामन म्हणतात. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरहून आणलेलं, तेव्हापासून घरात मोडू न दिलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. चहा-चपातीवर सहेरी करून त्यांनी नियत केली. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी कॉलेजला निघताना आठवलं, पावसाळ्यात शेजारच्या काकू आमच्याकडून विरजण घेऊन गेल्या होत्या. त्यांच्याकडे ते चालूच होतं. संध्याकाळी वाटीभर दही घेऊन त्या स्वतः आल्या.

आता वेळापत्रक ठरलं आहे. असरच्या सुमारास दोन लिटर दूध स्लो कुकरमध्ये ‘लो’वर ठेवते. दूध सुटं असेल तर आधी गॅसवर उकळून घेते. अडीच तासांनी, म्हणजे इफ्तार-मगरिब उरकल्यावर, कडेला बारीक फेस दिसतो. दूध असं नीट तापलं की दही घट्ट लागतं. मग बटण बंद, झाकण तसंच. तरावीहनंतर करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले की दोन-तीन चमचे विरजण थोड्या दुधात घोळून घालायचं आणि कुकरवर जाड टॉवेल. बटण पुन्हा लावायचं नाही. आतलं चिनी मातीचं जड भांडं ऊब धरून ठेवतं, रात्री वीज गेली तरी बिघडत नाही. साडेचारला उठलं की दही तयार.

या भांड्याची गोष्टही गमतीची आहे. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कल्पना सुचली आईने सांगितलेल्या लिथुआनियातल्या आठवणीवरून. शब्बाथला ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी कालवणाचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवून यायचं. रात्रभर ते मंद आचेवर शिजायचं. त्यांच्या शब्बाथची सोय माझ्या सहेरीला उपयोगी पडते आहे.

परवा दही इतकं घट्ट लागलं की चमचा उभा राहिला. अम्मींनी आपल्या भाताआधी दोन लहान वाट्या भरून बाजूला काढल्या. एक फ्रीजमध्ये ठेवली, दुसरीवर ताटली झाकत म्हणाल्या, “ही काकूंना देऊन ये. त्यांच्याकडे राहू दे.”