पंप गुरगुरतो, पण पाणी चढत नाही

गटाराची सोय नसलेल्या घरांत सांडपाणी आधी सेप्टिक टाकीत जाते. तिथे गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शेजारच्या लहान टाकीत येते. त्या टाकीतला पाणबुडी पंप हे पाणी वाळू-खडीच्या वाफ्यावर चढवतो. पाण्याची पातळी वाढली की तरंगता फ्लोट वर उचलला जातो आणि पंप सुरू होतो.

समजा, टाकी काठोकाठ भरली आहे, पण पाणी चढत नाही. लगेच नवा पंप आणायचा का? थांबा, आधी कान देऊन ऐकू या.

पंप अगदी गप्प असेल, तर त्याच्यापर्यंत वीज पोचते का ते पाहू. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर गळती किंवा शॉर्ट सर्किटची शक्यता आहे, वायरमनला बोलवावे. वीज ठीक असेल तर कोरड्या लाकडी काठीने फ्लोट वर उचलावा. पंप सुरू झाला, तर फ्लोटच कुठेतरी अडकला होता!

पंप नुसताच गुरगुरत असेल तर? घरगुती एकफेजी मोटरला सुरुवातीचा फिरता रेटा कपॅसिटरमुळे मिळतो. तो निकामी झाला की मोटर गुरगुरते, तापते, पण फिरत नाही. केस किंवा चिंध्यांनी आतला पंखा अडकला तरी असेच होते. मग नेमके कारण कसे ओळखायचे? मेन स्विच बंद करून पंप वर ओढावा; केबलला नव्हे, दोराला धरून. हातमोजे घालावेत. पंखा काडीने सहज फिरला, तर संशय कपॅसिटरवर.

मोटर फिरते, तरी पाणी चढत नाही? नळी तुंबली असेल, एकमार्गी झडप अडकली असेल किंवा पंपात हवा कोंडली असेल. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी असते. ती कितीही गरगर फिरवली तरी पाणी ढकलण्याइतका दाब तयार होत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये : टाकीत उतरू नये, कुणाला उतरवू नये. आत वाकूनही पाहू नये. कुजण्यातून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो. 'आता वास येत नाही' याचा अर्थ धोका टळला, असा नाही. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही असाच दगावतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून अशी टाकी साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

वर्गात हीच रीत न पेटणाऱ्या विजेरीवर वापरता येईल. सेल, बटण, जोडणी, बल्ब : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते वहीत लिहायचे. दोष शोधणे म्हणजे अंदाज बांधून तो तपासणे. विज्ञानात तरी आपण दुसरे काय करतो?