पडद्याच्या जागी माणसं: 'घाशीराम कोतवाल'ने नाटकाची कोणती चौकट मोडली?

गणपतीच्या दिवसांत पेण-रोह्याकडच्या एखाद्या गावात बाल्या नाच पाहिलाय? मृदंगाच्या ठेक्यावर, घुंगरू बांधलेले गडी अंगणात फेर धरतात. ना पडदा, ना सेट. तरीही कुणाचं काही अडत नाही.

1972 साली मराठी रंगभूमीवर जो धक्का बसला, तो समजून घ्यायला हे अंगण उपयोगी पडतं.

आधी काय होतं?

तीन अंक, रंगवलेला दिवाणखाना, टाळ्या घेणारे संवाद आणि गाणी. नाटक ओळखलं जायचं ते लेखकाच्या आणि नटाच्या नावाने. संवाद आणि हालचाली बसवून घेणाऱ्याला 'तालीम मास्तर' म्हणत.

मग काय बदललं?

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक होते जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. रंगमंचावर माणसांची एक रांग उभी राहिली. हीच रांग कधी पडदा, कधी भिंत, तर कधी जमाव.

हा फक्त सेटचा खर्च वाचवण्याचा मार्ग नव्हता. नाना फडणवीस आणि घाशीराम यांचा सौदा ही रांग झाकते, गरज पडली की पाठ फिरवते. सत्तेच्या गुन्ह्यात समाज कसा सामील होतो, हे संवादाशिवाय दिसतं. इथे दिग्दर्शक संवाद बसवून थांबत नाही, माणसांच्या हालचालींतून अर्थ उभा करतो. प्रायोगिक नाटकाची खरी ओळख हीच.

मग हे सगळं परदेशी होतं का?

जर्मन नाटककार ब्रेख्तलाही प्रेक्षकाने 'आपण नाटक पाहतोय' हे विसरू नये असं वाटे. पण सूत्रधार, नाचणारा गणपती, गात-नाचत पुढे सरकणारी गोष्ट हे सगळं दशावतार, खेळे, तमाशा यांत आधीपासून होतं. म्हणजे मोडली ती दिवाणखान्याची चौकट. त्यासाठी लागलेलं बरंचसं साहित्य अंगणातलंच होतं.

किंमत काय मोजावी लागली?

नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नानांची बदनामी करतं, असा आरोप झाला. 19 प्रयोगांनंतर 'प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन' या संस्थेने ते थांबवलं. कलाकार बाहेर पडले, 1973 मध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' काढली आणि पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू केले. 1980 मध्ये युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, वाद न्यायालयात गेला. तरीही दौरा झाला.

पुढच्या वेळी एखाद्या एकांकिकेत सेट दिसला नाही, तर 'पैसे नव्हते वाटतं' असं म्हणण्याआधी पाहा: सेटचं काम कोण करतंय?