खाडीची राखण आपल्या बांधावरून



खान्देशाला समुद्र नाही, असे आपण म्हणतो. पण आपली तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ खंबायतच्या आखातालाच मिळते. शिवारातून वाहून गेलेली माती हतनूर, उकाईसारख्या धरणांत गाळ होऊन बसते. पाण्यात विरघळलेले खत तर खाडीपर्यंतही पोचू शकते. नुकसान दोन्हीकडे!

साक्री तालुक्यातील बारीपाडा पाहा. १९९० नंतर चैत्राम पवार व गावकऱ्यांनी बोडक्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, श्रमदानाने चर खोदले. सुमारे ४०० हेक्टरांवर जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. गावाने केलेला नियम गावानेच पाळला, एवढेच त्यातले गुपित.

तुम्हीही नवरात्राच्या सुमारास, नाल्याला धार असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. नाल्याकाठचे गवत, झाडे राखा. तेथवर नांगर नेऊ नका. जोराच्या पावसाच्या तोंडावर युरिया टाकू नका.

माती बांधाआड थांबली, तर तुमचे पीकही साधेल आणि दूरच्या कोळ्याची खाडीही राहील.