लेण्यांची छायाचित्रे आणि त्यांखालील नोंदी

तिकोणा पेठेच्या परिसरातील मावळ हा प्राचीन भिक्खुसंघाच्या वास्तव्याने पुनीत झालेला प्रदेश होय. पवना खोऱ्यात बेडसे, पलीकडे इंद्रायणी खोऱ्यात भाजे व कार्ले. या लेण्यांच्या शिल्पकलेचे अध्ययन आता पुष्कळदा संगणकीय चित्रसंग्रहांच्या आधारे होते. गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे कला व पुरातत्त्व केंद्र, तसेच जॉन व सुसान हंटिंग्टन या विद्वान दांपत्याने उभारलेला आशियाई कलेचा संग्रह ही त्याची ठळक उदाहरणे. प्रवासखर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्यावर त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि संग्रहातील चित्र हाती लागते ते त्याखालील नोंदीतील शब्दांवरून. आणि ते शब्द कोणाचे, हे बौद्ध अभ्यासकाने तरी विचारलेच पाहिजे.

भाजे येथील एकोणिसाव्या लेण्यातील विहाराचेच पाहा. ओसरीत दाराच्या दोन बाजूंना दोन शिल्पे आहेत. एकात स्त्रियांसह रथारूढ पुरुष असून रथाखाली एक प्रचंड आकृती आहे. दुसऱ्यात हत्तीवर बसलेला पुरुष. दीर्घकाळ यांना 'सूर्य' व 'इंद्र' म्हटले गेले. काही अभ्यासकांनी मात्र त्यांत बौद्ध साहित्यातील मांधाता राजाची कथा पाहिली. हा वाद येथे मिटविण्याचे प्रयोजन नाही. परंतु नोंदीत केवळ 'सूर्य' लिहिले, तर 'मांधाता' शोधणाऱ्यास ते चित्र सापडणार नाही, आणि ज्यास सापडेल तो प्रश्न सुटला असे समजेल. म्हणून नोंदीत प्रथम दृश्याचे वर्णन असावे. अर्थनिर्णय त्यानंतर, तो करणाऱ्याच्या नावासह व वर्षासह. 'पांडवलेणी' यासारखे लोकप्रचलित नावही नोंदवावे, पण लोकप्रचलित नाव म्हणूनच. लेण्याचा क्रमांक, भिंत आणि छायाचित्राची तारीख यांवाचून तर चित्र जवळजवळ निरुपयोगी.

तारखेचे महत्त्व बेडसे येथे कळते. तेथील चैत्यगृहात बुद्धाची भित्तिचित्रे होती. अधिकाऱ्यांच्या भेटीनिमित्त लेण्यास रंग-गिलावा देण्याची प्रथा सुमारे 1861 पर्यंत चालू राहिली व तीत ती चित्रे नष्ट झाली. आज ती केवळ लेखी उल्लेखातून कळतात. स्तंभशीर्षांवरील हत्ती, घोडे, बैल व त्यांवरील स्त्रीपुरुष अद्याप आहेत. विहारांतून सहलीस जाणाऱ्या तरुणांनी स्वतःची समूहछायाचित्रे अवश्य घ्यावीत. सोबत प्रत्येक स्तंभशीर्षाचे चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी धरून, शिल्पास स्पर्श न करता एकेक छायाचित्र घ्यावे आणि नोंद त्याच सायंकाळी लिहावी.